लघुप्रतिकृती रॉकेट : खान्देशातील बांधणी आणि उड्डाण

लघुप्रतिकृती रॉकेट : खऱ्या अग्निबाणाचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले, कागद, लाकूड व प्लास्टिक यांचे आणि प्रत्यक्ष उडणारे रूप. उडाल्यावर ते हवाई छत्रीने किंवा फितीने सावकाश खाली यावे आणि डागडुजी करून पुन्हा उडवता यावे, ही त्यातली मुख्य अट. दिवाळीतले रॉकेट वर जाते, फुटते आणि संपते. त्याची काडी दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गच्चीवर सापडते. प्रतिकृती रॉकेट बांधणाऱ्याची निम्मी मेहनत मात्र परतीच्या वाटेवर खर्च होते. काचेच्या कपाटात ठेवायची शोभेची प्रतिकृती आणि ही, दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी पहिलीला वाऱ्याला तोंड द्यावे लागत नाही.

या छंदाची आजची रीत अमेरिकेतली. नेब्रास्कातल्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये बदलता येणारे छोटे इंजिन आणि हवाई छत्री असलेले कागदी रॉकेट तयार केले. १९५७ मध्ये जी. हॅरी स्टाइन यांनी त्याला सुरक्षिततेच्या नियमांची जोड दिली. घरी दारू कुटून बोटे गमावणाऱ्या पोरांना दुसरी वाट दाखवणे, हा त्यामागचा हेतू होता. पुढे व्हर्न एस्टेस यांनी इंजिने यंत्रावर बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे रॉकेट ही वस्तू त्याआधीची आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत लढाईच्या वर्णनात येणारा ‘बाण’ पुष्कळदा धनुष्याचा नसून दारूने उडणारा असतो.

प्रमाण आणि पाइप

प्रतिकृतीचे काम नळीपासून सुरू होते, आणि इथे जळगावकर नशीबवान. शेतीच्या पाइपांचे हे गाव; पीव्हीसी पाइप २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५ मिमी. अशा बाहेरच्या व्यासांत मिळतो आणि त्याचे तुकडे कुठल्याही शेतघरामागे पडलेले असतात. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ या अग्निबाणाची मापे पाहा : मधला टप्पा ४ मी. व्यासाचा, बाजूचे दोन बूस्टर ३.२ मी.चे, डोक्यावरचे आवरण ५ मी.चे, उंची ४३.५ मी. एकास शंभर प्रमाण धरले की ४०, ३२ आणि ५० मिमी. व्यासाच्या नळ्या लागतात. तिन्ही मापे पाइपवाल्याच्या फळीवर तयार. थुंब्याहून २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडालेले आरएच-७५ हे रोहिणी मालिकेतले पहिले रॉकेट तर ७५ मिमी.चेच होते, म्हणजे त्याची जाडी विहिरीवरच्या पाइपाएवढी.

पाइप स्वतः उडवायचा नसतो, तो जड असतो आणि फुटला तर धारदार कपच्या उडतात. तो नुसता साचा. त्यावर आधी बटर पेपरचा एक सैल वेढा द्यायचा, मग पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेली खाकी कागदाची पट्टी तिरकी गुंडाळत जायची. तीन थर पुरतात. खरी परीक्षा नळी काढण्याची. पूर्ण वाळेपर्यंत थांबले तर कागद आवळून पाइपाला चिकटतो. घाई केली तर ओली नळी दबून अंडाकृती होते. हाताला गार लागेनाशी झाली पण नखाने दाबल्यावर अजून वळ उठतो, त्या वेळी अर्धा फेरा उलटा फिरवून ओढावी. एप्रिलमध्ये भुसावळच्या उन्हात ही वेळ फार थोडी मिळते. ब्रश डब्यात परत ठेवेपर्यंत पट्टीचे दुसरे टोक वाळलेले असते. कागदाच्या जाडीने व्यास एखाददुसरा मिलिमीटर वाढतो, तो सोडून द्यावा.

नाकाचा शंकू थर्मोकोलचा किंवा खराद्याकडून हलक्या लाकडाचा करून घेतात. बाल्सा लाकूड इथे सहजी मिळत नाही, म्हणून फिन, म्हणजे शेपटीचे पंख, पातळ प्लायवुडचे किंवा पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवून करतात. फिन आणि नळी यांच्या कोपऱ्यात बोटाने फेव्हिकॉलची सलग कड भरली नाही तर पहिल्याच उड्डाणात फिन निखळतो.

तोल

दिवाळीच्या रॉकेटाची काडी काढून उडवली तर ते जमिनीवर गिरक्या घेते, हे बहुतेकांनी लहानपणी, मार खाण्याच्या तयारीने, करून पाहिलेले असते. काडी दोन कामे करते : वजन मागेपुढे वाटते आणि वाऱ्याला मागच्या बाजूला पकड देते. प्रतिकृतीत हेच काम फिन करतात. हवेचा सगळा दाब ज्या बिंदूत एकवटला असे मानतात तो दाबमध्य. रॉकेटाचा गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, म्हणजे नाकाकडे, असला पाहिजे. हे अंतर नळीच्या व्यासाच्या एक ते दोन पट ठेवतात. दाबमध्य काढण्याची समीकरणे जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छंदवाल्यांसाठी मांडली. त्याआधीची युक्ती साधी होती : रॉकेटाची बाजूची आकृती पुठ्ठ्यातून कापायची आणि ती पट्टीच्या काठावर जिथे तोलते तिथे दाबमध्य मानायचा. शेवटची खात्री दोरीने. इंजिन भरून रॉकेट जिथे आडवे तोलते तिथे दोरी बांधून ते डोक्याभोवती गरगर फिरवावे. नाक पुढे धरून फिरले तर उडवावे, आडवे-उलटे होत राहिले तर नाही.

खऱ्याशी इमान आणि हवेशी इमान, या दोन गोष्टी इथे भांडतात. पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ यांना शेपटीला मोठे फिन नाहीत; त्यांची दिशा इंजिनाचा झोत वळवून सांभाळली जाते. हुबेहूब प्रतिकृती म्हणूनच हवेत कोलांट्या खाते. मग पारदर्शक प्लास्टिकचे फिन लावतात, फोटोत ते दिसत नाहीत, किंवा नाकात शिसे नाही तर माती भरून गुरुत्वमध्य पुढे ओढतात. एलव्हीएम-३ ठेंगणे आणि जाड असल्याने त्याला भरपूर वजन भरावे लागते. त्यात आणखी एक गंमत : खरे यान जमिनीवरून उठते ते फक्त बाजूच्या दोन बूस्टरवर, मधला टप्पा जवळजवळ दोन मिनिटांनी हवेत पेटतो. प्रतिकृतीत इंजिन मध्यात असते आणि बूस्टर नुसते शोभेचे. मुलांना चांद्रयानच हवे असते, पण पहिली प्रतिकृती एसएलव्ही-३ ची करावी, हे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या या यानाची उंची २२ मी. आणि व्यास १ मी. होता, आणि मुख्य म्हणजे त्याच्या तळाशी खरेच फिन होते. एकास पंचवीस प्रमाणात ते ८८ सेंमी. उंच होते आणि साचा पुन्हा तोच ४० मिमी.चा.

इंजिन आणि कायदा

तयार इंजिन म्हणजे पुठ्ठ्याची जाड नळी; तळाशी चिनी मातीसारख्या पदार्थाचे तोंड, आत दाबून बसवलेली काळी दारू, तिच्यावर सावकाश जळणारा थर आणि सर्वांत वर छत्री बाहेर ढकलणारी चिमूटभर दारू. सर्वाधिक वापरातले इंजिन १८ मिमी. व्यासाचे आणि ७० मिमी. लांबीचे. त्यावर ‘सी६-५’ असे काही छापलेले असते. अक्षर एकूण आवेगाचे, म्हणजे रेटा गुणिले जळण्याचा वेळ याचे : ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, पुढच्या प्रत्येक अक्षराला दुप्पट, म्हणजे बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत. पहिला आकडा सरासरी रेट्याचा, न्यूटनमध्ये. दुसरा, जळून संपल्यापासून छत्री बाहेर पडेपर्यंतच्या सेकंदांचा. रेटा रॉकेटाच्या वजनाच्या निदान पाचपट असावा, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने सी६ वर शंभर-सव्वाशे ग्रॅमपेक्षा जड काही चढवू नये; नाकात शिसे भरलेली प्रतिकृती हा आकडा केव्हाच ओलांडते.

भारतात ही इंजिने किराणा-खेळण्यांच्या दुकानात मिळत नाहीत. स्फोटक पदार्थांचे नियमन १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम यांखाली होते आणि त्याची मुख्य कचेरी नागपुरात आहे. परवान्याशिवाय घरी दारू किंवा सोरा-साखरेचे मिश्रण करणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय हात-डोळे गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. खान्देशात वरणगाव आणि भुसावळ येथे आयुध निर्माण्या असल्याने दारूगोळ्याची शिस्त किती काटेकोर असते हे इथल्या अनेक घरांना ठाऊक असते. जळगावच्या कुसुंबा, धुळ्याच्या गोंदूर आणि शिरपूरजवळच्या तांडे येथील धावपट्ट्यांच्या आसपास तर काहीही उडवायचा विचार करू नये.

म्हणून शाळकरी मुले मुख्यतः पाण्याचे रॉकेट उडवतात. थंड पेयाची दोन लिटरची बाटली एक तृतीयांश पाण्याने भरायची, सायकलच्या पंपाने हवा कोंडायची आणि अडकण दोरीने दुरून ओढायची. अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप या बाटलीच्या तोंडात जवळजवळ नेमका बसतो, त्यामुळे उड्डाणनळी ठिबकच्या उरलेल्या सामानातून होते. बाटली सोड्याच्या पेयाचीच हवी. साध्या पाण्याची बाटली दाबाने फाटते.

वावर आणि हंगाम

उड्डाणाला मोकळे वावर लागते. सी वर्गाच्या इंजिनासाठी सुमारे १२० मी. लांबरुंद जागा धरतात. खान्देशात ती मिळते पऱ्हाटी उपटून झाल्यावर आणि हरभरा-गहू निघाल्यावर, म्हणजे होळीच्या आसपास. मालकाला विचारून जावे, बांधाला कडब्याची गंजी किंवा पऱ्हाटीचा ढीग असेल तर तिथे थांबू नये. मे महिन्यात अकरा वाजले की काळी जमीन तापून वावटळी उठू लागतात, आणि वर चढणारी गरम हवा हवाई छत्रीला खाली येऊच देत नाही. रॉकेट घिरट्या घालत पुढच्या शिवारात जाते. सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंतची वेळ बरी. छत्रीच्या मध्यात छिद्र पाडले की ती लवकर उतरते, वारा जास्त असल्यास छत्रीऐवजी फीतच लावतात. केळीच्या बागेजवळ उडवणे मात्र टाळावे. रावेर-यावलकडे बागा इतक्या दाट की आत गेलेले रॉकेट दोन हातांवरूनही दिसत नाही, आणि शोधताना ठिबकच्या नळ्या व घडांचे दांडे मोडले तर भरपाईचा विषय निघतो.

छत्री आणि इंजिन यांच्यामध्ये आग न धरणारा बोळा घालावा लागतो, नाहीतर छत्रीचे प्लास्टिक वितळून गोळा होतो. कापसाच्या मुलखात इथे कापूस कोंबण्याचा मोह होतो. तो कधीही करू नये. कापूस धुमसत राहतो आणि धुमसतच वाळल्या गवतात उतरतो. काहीच नसेल तर कोबीची ओलसर पाने घालतात. प्लास्टिकच्या घड्या चिकटू नयेत म्हणून टाल्कम पावडर शिंपडतात.

पेटवायचे ते विजेनेच : इंजिनाच्या तोंडात बारीक तार, पाच मीटर लांब वायर, मोटरसायकलची बारा व्होल्टची बॅटरी आणि एक किल्ली, जी उडवणाऱ्याच्या खिशात राहते. रॉकेट एक मीटरच्या पोलादी सळईवरून सरकत सुटते. सळईचे टोक डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यावर टोपण ठेवतात. बटण दाबूनही पेटले नाही तर किल्ली काढून एक मिनिट थांबायचे. फुसक्या फटाक्याकडे वाकून बघायची आपली सवय इथे सर्वांत घातक ठरते.

उंची मोजायला शंभर मीटर दूर उभे राहून कोनमापक आणि ओळंबा यांनी शिखराचा कोन घेतात. ४५ अंश आला तर उंची शंभर मीटर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंतची भर. ६० अंशांना १७३ मीटर. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. त्रिकोणमितीचा हा धडा त्या परिसरातल्या शाळांनी पाटीऐवजी मैदानात घ्यायला काहीच हरकत नाही.

उतरलेल्या रॉकेटाची पाहणी ठरलेल्या क्रमाने होते. आधी नळीचा वरचा काठ : छत्री उशिरा उघडली तर झटक्याने दोरी तिथे कागद उभा चिरत जाते. मग फिनच्या कडा, मग आतली काजळी. चिरलेला भाग कापून टाकतात आणि साच्याच्या पाइपावर तेवढाच नवा तुकडा वळून जोडतात. प्रतिकृती मात्र प्रमाणापेक्षा दोन बोटे लांब किंवा आखूड होते.