दाढांची उत्क्रांती : खार व इतर सस्तन प्राणी

जबड्याच्या मागच्या भागात येणाऱ्या, अन्न चिरण्याचे व दळण्याचे काम करणाऱ्या आणि ज्यांच्या जागी आधी दुधाचे दात आलेले नसतात अशा दातांना दाढा म्हणतात. बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात एकाच घडणीचे असतात व आयुष्यभर पडून पुन्हा येत राहतात. सस्तन प्राण्यांत दाढ सहसा एकदाच येते आणि म्हणूनच वरची व खालची दाढ एकमेकींत नेमकी बसू शकते. दाढेच्या उत्क्रांतीचा पुढचा सारा इतिहास या नेमकेपणावर उभा आहे.

सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉनसारख्या आद्य सस्तनसदृश प्राण्यांच्या दाढेवर तीन मुख्य उंचवटे एका ओळीत होते आणि ती मुख्यतः कातरण्याचे काम करी. पुढे हे उंचवटे त्रिकोणात मांडले गेले, खालच्या दाढेच्या मागच्या बाजूस एक खोलगट भाग तयार झाला आणि वरच्या दाढेचा आतला उंचवटा खलात बत्ता पडावा तसा त्यात पडू लागला. कातरणे व चिरडणे ही दोन्ही कामे एकाच दातावर आणणाऱ्या या रचनेला जीवाश्मशास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९३६ मध्ये ‘ट्रायबॉस्फेनिक’ हे नाव दिले. भारतात अशा दाढा तेलंगणातील नसकल येथील, दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात मिळालेल्या डेक्कनोलेस्टिस या क्रिटेशियस काळाच्या (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या) अखेरच्या चिमुकल्या प्राण्यात दिसतात. कोकणपट्टीत मुंबईच्या वरळी परिसरातील अशाच थरांनी बेडकांचे व कासवाचे जीवाश्म दिले आहेत. दाढांच्या अभ्यासकाला मात्र घाट चढून पूर्वेकडेच जावे लागते.

त्रिकोणी दाढेच्या मागच्या-आतल्या कोपऱ्यात चौथा उंचवटा आला की ती चौकोनी होते व दळण्याचे क्षेत्र वाढते. हा बदल सस्तन प्राण्यांच्या वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे वीसहून अधिक वेळा झाला असावा, असे मानले जाते. तो इतक्या सहजी का घडतो, याचे उत्तर भ्रूणात आहे. वाढत्या दाताच्या कळीत काही ठिकाणी पेशींचे विभाजन थांबते आणि त्या गाठी भोवतालच्या पेशींना वाढीचे संकेत देतात. जिथे गाठ, तिथे उंचवटा. गाठींमधले अंतर किंवा त्यांची वेळ थोडी बदलली तरी उंचवट्यांची संख्या बदलते. दाढांच्या आकाराचेही असेच आहे : उंदराच्या भ्रूणातील पहिली दाढ मागच्या दाढांची वाढ रोखून धरते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. माणसाच्या अक्कलदाढेचा लहरीपणा समजून घेतानाही ही साखळी ध्यानात ठेवावी लागते.

खारींचे ज्ञात जीवाश्म सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात, पण त्यांच्या दाढांचा आराखडा त्या मानाने फारच थोडा बदललेला आहे. बुटकी चौकोनी दाढ, कडेला बोथट उंचवटे आणि वरच्या दाढेवर त्यांना जोडणाऱ्या आडव्या धारा, ही ठेवण नारळी-पोफळीच्या बागांतल्या पट्टेवाल्या खारीत, म्हणजे दक्षिण कोकणातल्या चानीत, आणि फणसाड वा आंबोलीच्या रानातल्या शेकरूतही ओळखू येते. खारीला सुळे नसतात. दातांची एकूण संख्या २० किंवा २२ असते आणि पटाशीचे दात व दाढांची रांग यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा असते.

शेकरूने पोखरलेला नारळ हातात घेतला तर या स्थैर्याचे एक कारण समजते. भोकाच्या कडेला दिसणाऱ्या समांतर खाचा पटाशीच्या दातांच्या असतात. करवंटीला दाढ लागतच नाही. या दातांना एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, फक्त पुढच्या बाजूस असल्याने मागची बाजू लवकर झिजते, धार टिकते आणि दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडताना खालचा जबडा पुढे सरकतो व दाढा एकमेकींपासून सुटतात, चावताना तो मागे येतो. अवघड काम पुढच्या दातांनी उचलल्यामुळे दाढेच्या वाट्याला मऊ खोबरे, फळांचा गर, कोवळी साल एवढेच येते. पाने अधिक खाणाऱ्या उडत्या खारींच्या दाढांवर मात्र एनॅमलच्या सुरकुत्या व घड्या वाढलेल्या दिसतात.

ज्यांना गवतावर जगायचे होते त्यांना ही सवलत मिळाली नाही. गवतातील सिलिका व त्याबरोबर येणारी माती यांनी दाढ झिजते, म्हणून गाई-म्हशींच्या दाढा उंच झाल्या आणि त्यांवर चंद्रकोरीच्या आकाराच्या धारा आल्या. रानडुकराची दाढ बोथट उंचवट्यांचीच राहिली. गव्हाणी घुबडाने ओकून टाकलेल्या, न पचलेल्या हाडा-केसांच्या गोळ्या फोडल्या तर त्यांतील जबड्यांवरून शिकार ओळखता येते : चिचुंद्रीच्या वरच्या दाढेवर इंग्रजी डब्ल्यूसारखी तीक्ष्ण धार असते, उंदराच्या वरच्या दाढेवर उंचवट्यांच्या आडव्या ओळी असतात, तर घुशीच्या दाढेवर त्याच ओळी एकजीव होऊन पट्ट्यांसारख्या दिसतात.