मोकळीक देणारे मुख्याध्यापक आणि वाऱ्यावर सोडणारे मुख्याध्यापक

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला चार शाळांचे शिक्षक चहाला एकत्र आले की आपापल्या मुख्याध्यापकांचा विषय निघतोच. एखादा म्हणतो, “आमचे सर कशातच पडत नाहीत.” लगेच दुसरा म्हणतो, “नशीबवान आहात.” खरंच नशीबवान आहे का, हे मात्र त्या एका वाक्यावरून कळत नाही.

हुकूमशाही मुख्याध्यापक ओळखायला कुणालाच वेळ लागत नाही. फसगत होते ती दुसऱ्या टोकाला. शिक्षकांवर विश्वास टाकून मोकळीक देणारे मुख्याध्यापक आणि शिक्षकांना वाऱ्यावर सोडणारे मुख्याध्यापक लांबून सारखेच दिसतात. दोघेही आवाज चढवत नाहीत, उठसूट टाचणवही (पाठाच्या तयारीची वही) मागत नाहीत, आणि दोघांच्याही शाळेत सुरुवातीचे काही महिने सगळे खूश असतात. शिक्षकाच्या रोजच्या कामावर दोघांचा परिणाम मात्र जवळजवळ उलटा होतो.

ही गल्लत संशोधकांचीही झाली होती. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळं करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली. तपासायच्या होत्या दोनच पद्धती, हुकूमशाही आणि लोकशाही. पण व्हाइट यांनी लोकशाही समजून चालवलेलं मंडळ भलतंच विस्कळीत झालं. ही लोकशाही नव्हेच, इथे नेतृत्वच गायब आहे, हे लेविन यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती तिसरी पद्धत म्हणून वेगळी काढली. 1939 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हुकूमशाही गटात तो चालवणारा मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. लोकशाही गटात तो असला काय, नसला काय, फारसा फरक पडायचा नाही. तिसऱ्या गटात काम कमीही झालं आणि कच्चंही राहिलं.

आपल्याकडे हे कसं दिसतं ते पाहू. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पेठ आणि सुरगाण्याकडची मजूर कुटुंबं दिवाळीनंतर कामाला येतात, बऱ्याचदा मळ्यातच राहतात, आणि मुलं बरोबरच असतात. समजा, डिसेंबरात अशी सहा मुलं एका जिल्हा परिषद शाळेच्या तिसरीत येऊन बसली. दोघांकडे मूळ शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं) आहे, बाकीच्यांकडे काहीच नाही. घरी बोलतात कोकणा ही आदिवासी बोली, त्यामुळे पुस्तकातली मराठी त्यांना निम्मी परकी. दोघं अडखळत वाचतात, चौघं जोडाक्षराशी थांबतात. वर्गशिक्षिका मुख्याध्यापकांकडे जाते. “सर, या मुलांसाठी दुपारचा एक तास वेगळा घेऊ का? परिसर अभ्यास थोडा मागे राहील.”

दोन्ही मुख्याध्यापकांचं उत्तर एकच असतं: “मॅडम, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.”

वेगळेपण सुरू होतं ते याच्या पुढे. पहिले मुख्याध्यापक लगेच विचारतात, “बाकीच्या मुलांचं काय?” मग म्हणतात, “चौथीचे सर त्या तासाला दोन्ही वर्ग एकत्र घेतील का, मी त्यांच्याशी बोलतो. वाचन तुम्ही ठरवाल तसं, त्यात मी पडणार नाही. पण गणिताचा तास हलवायचा नाही. या मुलांची हजेरी आणि पोषण आहार कसा धरायचा ते केंद्रप्रमुखांना विचारून ठेवतो. पंधरा दिवसांनी बसू.” संध्याकाळी सूचनावहीत चार ओळी येतात, दोन्ही शिक्षकांच्या सह्या होतात, भिंतीवरचं वेळापत्रक बदलतं.

दुसरे मुख्याध्यापक तेवढं एक वाक्य बोलून पुन्हा ऑनलाइन माहिती भरायला लागतात. मॅडम आपल्या जिवावर तास सुरू करतात. आठवड्याभरात शेजारच्या वर्गाची कुरबुर सुरू होते. एक पालक विचारतात, “आमच्या पोराचा परिसर अभ्यास का होत नाही?” मग शाळा तपासणारे विस्तार अधिकारी भेटीला येतात. वेळापत्रकात परिसर अभ्यास, फळ्यावर मुळाक्षरं. ते विचारतात तेव्हा मुख्याध्यापक म्हणतात, “ते मॅडमनी परस्पर ठरवलंय, मला कल्पना नव्हती.” कुणी कुणाला रागावत नाही, शेरेवहीत वाईट शेरा येत नाही. पण दुसऱ्या दिवशी मॅडम निमूट वेळापत्रकाप्रमाणे शिकवू लागतात, आणि ती सहा मुलं मार्च उजाडेपर्यंत मागच्या ओळीत बसून राहतात. त्या शिक्षिकेने पुढच्या वर्षी काही नवं करून पाहावं अशी अपेक्षा कुणी कोणत्या तोंडाने करायची?

पहिल्या मुख्याध्यापकांनी मॅडमना नुसतं स्वातंत्र्य दिलं नाही. काय बदलता येईल आणि काय नाही याची हद्द सांगितली, सहकाऱ्याशी बोलण्याचं अवघड काम स्वतः घेतलं आणि वरच्या कार्यालयाची बाजू अंगावर घेतली. दुसऱ्यांनी निर्णय दिला आणि त्याची जबाबदारीही मॅडमच्याच पदरात टाकली. शिक्षक दमतात ते या दुसऱ्या ओझ्याने, आणि ते ओझं कुठल्याही कागदावर दिसत नाही.

वाऱ्यावर सोडलेल्या शाळेत निर्णय थांबत नाहीत, ते भलतीकडे जातात. जो सेवेने जुना, जो मोठ्याने बोलतो किंवा ज्याची वर ओळख आहे, तो सगळं ठरवू लागतो. कामाची वाटणी कुणी करत नाही म्हणून काम ‘नाही’ न म्हणणाऱ्याकडे सरकत जातं. यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऐनवेळी मागवलेले फोटो, हे सगळं संगणक येणाऱ्या तरुण शिक्षिकेच्या गळ्यात पडतं आणि तिचा पहिलीचा वर्ग दुपारभर गिरवत बसतो. पहिलीचं एक वर्ष असं गेलं तर ते भरून काढणं किती कठीण असतं, हे पहिली शिकवलेल्या कुणालाही विचारा. नॉर्वेमधल्या नोकरदारांवरच्या 2007 मधल्या एका अभ्यासात असं आढळलं की जिथे वरिष्ठ गरजेच्या वेळी जागेवर नसतात, तिथे आपलं नेमकं काम काय याबद्दलचा गोंधळ आणि सहकाऱ्यांमधली भांडणं जास्त असतात. अभ्यास शाळांपुरता नव्हता, पण स्टाफरूममध्ये बसलेल्या माणसाला त्यातलं काहीच परकं वाटणार नाही.

उलट बाजूनेही गैरसमज होतो, आणि तो मला जास्त बोचतो. मोकळीक देणारे मुख्याध्यापक प्रश्न विचारतात, तारीख लावतात, कधी वर्गात मागे येऊन बसतात. त्यामुळे काही शिक्षकांना तेच लुडबुड करणारे वाटतात आणि काहीही न विचारणारे ‘चांगले’ ठरतात. शिक्षण संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून शाळाप्रमुखाच्या कोणत्या वागण्याचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो ते मोजलं. त्यांनी तपासलेल्या पाच बाबींपैकी सर्वांत वर आली ती शिक्षकांच्या शिकण्यात प्रमुखाने स्वतः सामील होण्याची. परिणामाचं माप (आकडा जेवढा मोठा, तेवढा परिणाम जास्त) होतं 0.84, आणि बाकीच्या चारही बाबी त्याच्या बऱ्याच खाली होत्या. शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवून स्वतः कार्यालयात बसणारा प्रमुख आणि त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसून ‘हे मलाही नीट येत नाही, करून पाहू’ म्हणणारा प्रमुख यांतलं अंतर केवढं आहे, ते यात दिसतं.

आपले मुख्याध्यापक कोणते, हे सगळं सुरळीत चालू असताना ओळखू येत नाही. अधिकारी आल्यावर ते ‘आम्ही ठरवलं’ म्हणतात की ‘त्यांनी केलं’, तिकडे लक्ष द्या. दोन शिक्षकांचं वाजलं तर ते दोघांना समोर बसवतात की ‘तुम्ही आपसांत मिटवा’ म्हणतात? आणि करून पाहिलेला उपक्रम फसला, तर दुसऱ्या दिवशी ते त्यावर तुमच्याशी बोलतात का? माझ्या मते शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फसल्यावर विचारपूस होते एवढी खात्री असेल तरच माणूस पुन्हा हात घालतो.

सगळंच मोकळीकीवर सोडायचं नसतं, हेही सांगायला हवं. मुलावर हात उगारायचा नाही ही गोष्ट चर्चेला ठेवायची नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. खिचडी मुलांना वाढण्याआधी चाखून पाहणं हाही मताचा प्रश्न नव्हे. अशा ठिकाणी थेट, स्पष्ट सूचनाच हवी, आणि चांगले मुख्याध्यापक ती बिनदिक्कत देतात.

वाऱ्यावर सोडणारे सगळे मुख्याध्यापक कामचुकार असतात असंही नाही. अनेक जण माहिती भरता भरताच संपून जातात. त्यातच 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे तो विद्यार्थ्यांचा पट 150 च्या वर असेल तर, आणि सहावी ते आठवीला 100 च्या वर असेल तर. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवरच्या लहान शाळांत एवढा पट कुठून असणार? तिथे ज्येष्ठ शिक्षकाकडेच मुख्याध्यापकपदाचा प्रभार असतो, पूर्ण वर्ग सांभाळून. काल ज्याच्याबरोबर एकाच गाडीवर शाळेत आलो त्याला आज सूचना कशी द्यायची, या संकोचातून तो काहीच न बोलण्याचा रस्ता धरतो. त्याला सहकाऱ्याबद्दल आदर असतो, पण सहकाऱ्याला ते दुर्लक्ष वाटतं.

द्विशिक्षकी शाळेत यावर उपाय करता येतो आणि त्याला पैसा लागत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास दोघांनी बसावं. पुढच्या आठवड्यात कोणता वर्ग कुणी एकत्र घ्यायचा, ऑनलाइन माहिती कोणत्या दिवशी कोण भरणार, एक जण बैठकीला किंवा रजेवर गेला तर चारही वर्गांना त्या दिवशी काय द्यायचं, एवढं सूचनावहीत लिहून दोघांनी सही करावी. प्रभारीने पहिलं नाव आपलं घालावं, तेही सगळ्यात कंटाळवाण्या कामापुढे.