पिण्याच्या पाण्याची रासायनिक तपासणी: अर्ज, कागदपत्रे आणि नमुना घेण्याची रीत

गोव्याला ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळाले, परंतु घरात नळ असणे वेगळे आणि त्याचे पाणी निर्धोक असणे वेगळे. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा नागरिकांनाही माफक शुल्कात खुल्या असतात, त्यामुळे नळजोडणी नावावर असलेले कुटुंब, भाडेकरू, खासगी विहिरीचे मालक, सोसायटी किंवा शाळा यांपैकी कोणीही नमुना देऊ शकते.

साध्या कागदावरील अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि नळाचे पाणी असल्यास ग्राहक क्रमांक दिसेल असे अलीकडचे बिल जवळ ठेवावे. विहिरीसाठी वाडा (गावातील वस्ती), पंचायत आणि तालुका लिहावा; २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली विहिरीची नोंदणी झालेली असल्यास तो क्रमांकही द्यावा. शुल्क आणि नमुने स्वीकारण्याची वेळ आधी विचारून घ्यावी.

अर्जातील सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे कोणते घटक तपासायचे ती, आणि नेमकी तीच बहुतेक जण मोघम लिहितात. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात लोह आणि मँगनीज यांचा स्पष्ट उल्लेख करावा. लोहयुक्त पाणी कळशीत भरताना नितळ दिसते आणि काही वेळाने तळाशी तांबूस साका धरते. असे काही दिसले असेल तर तेही अर्जात नोंदवावे. किनाऱ्याजवळच्या विहिरींसाठी क्लोराईड आणि एकूण विरघळलेले क्षार, तर सोकपिट (सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) जवळ असल्यास नायट्रेट मागावे. नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते, म्हणून वरचे दूध पिणारे तान्हे मूल घरात असेल तर ही तपासणी मुळीच टाळू नये.

नमुना चुकला तर अहवालाला अर्थ राहत नाही. पाण्याच्या टाकीतून नव्हे, तर थेट मुख्य वाहिनीवरच्या नळातून दोन-तीन मिनिटे पाणी सोडून मगच भरावे. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी. शीतपेयाची जुनी बाटली वापरू नये. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि स्रोत लिहून ती थंड जागी ठेवावी व शक्यतो त्याच दिवशी पोचवावी. धातूंच्या तपासणीसाठी नमुन्यात आम्ल घालावे लागते, तर जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते. या दोन्ही बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागून घ्याव्यात. पाण्यातील शिल्लक क्लोरीन वाटेत उडून जाते, त्यामुळे ते जागेवरच मोजून घेणे योग्य.

अहवाल हाती आल्यावर आकडे पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० शी ताडून पाहावेत. सामू (पीएच) ६.५ ते ८.५ असावा. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि क्लोराईड २५० पर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसल्यास ही मर्यादा अनुक्रमे २००० आणि १००० पर्यंत सैल होते. नायट्रेटला मात्र ४५ मिलिग्रॅमच्या पुढे कोणतीही सूट नाही.

नळाच्या पाण्यातील एखादा घटक मर्यादेबाहेर आढळल्यास अहवालाची प्रत जोडून पाणीपुरवठा उपविभागाच्या साहाय्यक अभियंत्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. आपल्या भागाला ओपा, अस्नोडा वा साळावली यांपैकी ज्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पाणी येते, तेथील तपासणीचे निकाल माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. त्या अर्जात प्रकल्पाचे नाव, कालावधी आणि हवे असलेले घटक नेमके लिहावेत. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.