थिंकपॅडच्या कीबोर्डमधील बदल आणि वापरकर्त्यांच्या प्रतिक्रिया

थिंकपॅड ही लॅपटॉपची मालिका आयबीएमने ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू केली. २००५ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय चीनच्या लेनोव्हो कंपनीने विकत घेतला, तेव्हापासून ती लेनोव्होकडे आहे. काळे चौकोनी कवच, भरीव दाबाचा कीबोर्ड आणि त्याच्या मधोमध ट्रॅकपॉइंट, म्हणजे कर्सर हलवणारी लाल टोपीची दांडी, ही तिची ओळख. या कीबोर्डमध्ये २०१२ ते २०२४ या एका तपात चार मोठे बदल झाले. चारही वेळा वापरणाऱ्यांनी हरकत घेतली, पण निकाल सारखा लागला नाही. दोन बदल कंपनीने दोन वर्षांत मागे घेतले, एक कायम राहिला आणि चौथा तर ग्राहकांच्याच जुन्या मागणीतून आला होता. नव्या लॅपटॉपबद्दलची कोणती तक्रार सवयीपोटी असते आणि कोणती खऱ्या अडचणीतून येते, हे ओळखायला हा इतिहास फार उपयोगाचा आहे.

मूळ रचना

थिंकपॅडचे रूप जर्मन रचनाकार रिखार्ड झापर यांनी ठरवले. जपानी जेवणाच्या बेंटो डब्यावरून त्यांना ते सुचले होते: बाहेरून साधी काळी पेटी, उघडल्यावर आत सगळे जागच्या जागी. प्रत्यक्ष बांधणीचे काम जपानमधील यामातो येथील प्रयोगशाळेत अरिमासा नाइतो यांच्या चमूने केले. ट्रॅकपॉइंट हे टेड सेल्कर या संशोधकाचे काम. टाइप करणाऱ्याचा हात कीबोर्डवरून माऊसकडे जायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, असे एका अभ्यासात त्यांच्या वाचनात आले होते. हात उचलावाच लागू नये म्हणून त्यांनी जी, एच आणि बी या बटणांच्या बेचक्यात एक बारीक दांडी बसवली. ही दांडी इकडेतिकडे सरकत नाही. तिच्यावर बोटाचा दाब ज्या दिशेने पडेल त्या दिशेने कर्सर जातो, दाब वाढवला की वेग वाढतो. टोपी लाल असावी हा झापर यांचा आग्रह होता. आयबीएममध्ये लाल रंग आणीबाणीत वीज तोडण्याच्या बटणासाठी राखीव असल्याने त्यावरून बराच वाद झाला, आणि हा लाल नसून मॅजेंटा आहे असे कागदोपत्री दाखवून तो निस्तरावा लागला.

ट्रॅकपॉइंट म्हणजे फक्त ती लाल टोपी नव्हे. स्पेसबारच्या खाली त्याची तीन बटणे असतात, आणि टाइप करताना अंगठा आपोआप त्यांच्याच वर विसावतो. डावे आणि उजवे क्लिकसाठी. मधले बटण दाबून धरायचे आणि तर्जनीने टोपी किंचित मागे ओढायची, की पान खाली सरकू लागते. सरावलेला माणूस शंभर पानांचा दस्तऐवज मनगट न हलवता असा चाळतो. या बटणांच्या कडा किंचित उचललेल्या असतात, त्यामुळे अंगठ्याला न बघता कळते की आपण कोणत्या बटणावर आहोत. पुढे २०१३ मध्ये जे बिनसले ते याच कडांवरून.

जुन्या कीबोर्डला बटणांच्या सात ओळी होत्या. एस्केप कोपऱ्यात, एफ-बटणे चार-चारच्या गटांत आणि गटांमध्ये थोडी मोकळी जागा. उजवीकडे वर इन्सर्ट, डिलीट, होम, एंड, पेज अप, पेज डाउन यांचा सहाचा जुडगा. पडद्याच्या वरच्या कडेत थिंकलाइट नावाचा छोटा दिवा असे आणि तो लावायला डावीकडचे सगळ्यात खालचे फंक्शन बटण व उजवीकडचे सगळ्यात वरचे पेज अप बटण एकत्र दाबायचे. दोन्ही समोरासमोरच्या कोपऱ्यांत, म्हणून रात्रीच्या रेल्वे डब्यातही ती चाचपून सापडत.

सातच्या सहा ओळी

२०११ चे टी४२० आणि एक्स२२० हे सात ओळींचे शेवटचे थिंकपॅड. २०१२ मध्ये टी४३० व एक्स२३० आले तेव्हा ओळी सहा झाल्या आणि बटणे एकमेकांपासून सुटी, सपाट माथ्याची झाली. कीबोर्डच्या खालून उजेड देण्याची सोय आली. सहाचा जुडगा मोडला: होम, एंड, इन्सर्ट, डिलीट एफ-बटणांच्या ओळीत गेली, पेज अप आणि पेज डाउन बाणांच्या शेजारी आली. प्रिंट स्क्रीन उजव्या ऑल्ट आणि कंट्रोलच्या मध्ये येऊन बसले, म्हणजे तिथल्या मेन्यू बटणाची जागा गेली. पॉज आणि स्क्रोल लॉक ही स्वतंत्र बटणे उरली नाहीत.

लेनोव्होचे म्हणणे होते की टाइप करण्याचा दर्जा जराही घसरलेला नाही. ते बरेचसे खरे होते. नव्या बटणांचा दाब चांगला होता आणि काही महिन्यांत कित्येक जुन्या ग्राहकांनीही ते मान्य केले. मांडणीबद्दलची नाराजी मात्र राहिली. प्रोग्रामर आणि संपादक होम, एंड, पेज अप ही बटणे दिवसभर वापरतात. जुडगा होता तोवर बोट त्याच्या कडेवरून बटण ओळखत असे. एका सरळ ओळीत दहावे की अकरावे हे बोटाला कळत नाही, त्यासाठी डोळा खाली न्यावा लागतो.

काहींनी तक्रारीवर न थांबता पाने-स्क्रू हाती घेतले. एक्स२२० चा कीबोर्ड एक्स२३० मध्ये जवळजवळ बसतो: प्लास्टिकच्या एक-दोन कडा घासायच्या, आणि जोडणीच्या ज्या टोकांतून नव्या यंत्रात उजेडासाठी वीज येते त्यांवर चिकटपट्टी लावायची, नाहीतर शॉर्ट सर्किटचा धोका. तरीही बटणांचे अर्थ जुळत नाहीत, म्हणून कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपमधले सॉफ्टवेअरही बदलावे लागते. हौशी लोकांनी तेही तयार करून मोफत वाटले. वॉरंटीवर पाणी सोडून माणसे हे करतात, तेव्हा त्यांची हरकत पोकळ म्हणता येत नाही.

बटणे गेली आणि परत आली

२०१३ मध्ये टी४४०, टी४४०एस, एक्स२४० आणि टी५४०पी या मॉडेलांत ट्रॅकपॉइंटची तीन बटणे काढून टाकली गेली. त्यांचे काम टचपॅडच्या वरच्या पट्टीकडे दिले, आणि क्लिक करायला संपूर्ण टचपॅडच खटकन खाली जाऊ लागला. कडा नाहीत, त्यामुळे अंगठ्याला डावे-मधले-उजवे कळेना. जड दाब, मोठा आवाज. मधले बटण धरून पान सरकवणे तर भरवशाचे राहिलेच नाही. दिवसभर टचपॅडच वापरणाऱ्याला यात फारसे वावगे दिसले नाही, त्याला उलट मोठा टचपॅड मिळाला. पण जे ट्रॅकपॉइंटसाठीच थिंकपॅड घेत, त्यांच्यासाठी वस्तूचे अर्धे अंगच गेले होते.

जानेवारी २०१४ मध्ये एक्स१ कार्बनच्या दुसऱ्या पिढीने पुढचे पाऊल टाकले. एफ-बटणांची ओळ जाऊन तिथे स्पर्शाने चालणारी उजळ पट्टी आली. कोणता प्रोग्राम चालू आहे त्यानुसार तिच्यावरची चिन्हे बदलत. कॅप्स लॉकच्या जागी होम आणि एंड बसवले, आणि कॅप्स लॉक हवे असेल तर शिफ्ट दोनदा दाबायचे. एस्केप एक या अंकाच्या डावीकडे आले, म्हणून तिथले उलट्या स्वल्पविरामाचे चिन्ह खाली स्पेसबारच्या ओळीत गेले. हे चिन्ह पत्र लिहिणाऱ्याला वर्षभरात एकदाही लागत नसेल, पण लिनक्सच्या आज्ञा लिहिणाऱ्याला ते रोज लागते.

या रचनेचा सर्वांत गंभीर दोष फार थोड्यांनी मांडला. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएसारख्या सॉफ्टवेअरने संगणक चालवतात, आणि लॅपटॉपवर त्याच्या आज्ञांसाठी कॅप्स लॉक हे मुख्य बटण म्हणून ठेवता येते. ते काढायचे आणि वर एफ-बटणांच्या जागी बोटाला काहीच न लागणारी गुळगुळीत काच द्यायची, म्हणजे त्या माणसाच्या हातातला आधार काढून घेणे. ही गैरसोय डोळसांच्या चिडचिडीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

दोन्ही बदल टिकले नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये तिसऱ्या पिढीच्या एक्स१ कार्बनमध्ये खरी एफ-बटणे आणि ट्रॅकपॉइंटची तीन बटणे परत आली. त्याच वर्षी टी४५० आणि एक्स२५० मध्येही. टी४४० घेऊन बसलेल्यांनी टी४५० चा टचपॅड सुटा भाग म्हणून विकत घेऊन आपल्या यंत्रात बसवून घेतला.

लेनोव्होने पट्टी मागे घेतल्याला दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, ऑक्टोबर २०१६ मध्ये, ॲपलने मॅकबुक प्रोमध्ये तशीच टच बार आणली आणि एस्केपही काचेवर नेले. त्यात ॲपलच्या लॅपटॉपांत २०१५ पासून आलेल्या उथळ बटरफ्लाय कीबोर्डची भर होती. धुळीच्या कणाने बटण अडके किंवा एकाच्या जागी दोन अक्षरे उमटत. ॲपलने जून २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये जुन्या धर्तीचा कीबोर्ड व खरे एस्केप परत दिले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्या १४ व १६ इंची मॉडेलांतून टच बार काढली. अमेरिकेत या कीबोर्डवरून झालेल्या सामूहिक दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड ठरली.

हाताची स्मृती

कोणता बदल पचतो आणि कोणता नाही, याचे उत्तर बरेचसे हाताच्या सवयीत आहे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिनिटाला सरासरी ७२ शब्द टाइप करणाऱ्यांना कोऱ्या कीबोर्डच्या चित्रावर अक्षरे भरायला सांगितले. सरासरी १५ अक्षरेच त्यांना बरोबर भरता आली. म्हणजे कोणते अक्षर कुठे हे बोटांना ठाऊक असते, विचारले तर सांगता येत नाही. बटण दुसरीकडे हलवले तर बोटे काही आठवड्यांत नवी जागा शिकतात, म्हणूनच सहा ओळींवरचा राग बऱ्याच अंशी ओसरला. पण बोटाला जागा सांगणारी कडच काढून टाकली, तर शिकायला काही उरतच नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर कितीही सराव केला तरी दर वेळी बघावेच लागते. २०१३ आणि २०१४ चे बदल या दुसऱ्या जातीचे होते, आणि ते मागे घ्यावे लागणे अटळ होते.

जुन्या कीबोर्डची ओढ यापलीकडेही होती. लेनोव्होचे मुख्य रचनाकार डेव्हिड हिल यांनी २०१५ मध्ये जुन्या वळणाच्या थिंकपॅडची कल्पना जाहीरपणे मांडली आणि ग्राहकांची मते मागवली. त्यातून मालिकेला २५ वर्षे झाली तेव्हा, ऑक्टोबर २०१७ मध्ये, थिंकपॅड २५ आला: आत टी४७०, वर सात ओळी आणि निळे एंटर. तो मर्यादित संख्येत विकला गेला, नेहमीच्या मॉडेलांत सातवी ओळ काही परतली नाही.

फंक्शन आणि कंट्रोल

थिंकपॅडमध्ये आधी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात फंक्शन असे आणि त्याच्या उजवीकडे कंट्रोल, तर बहुतेक इतर कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये याच्या उलट. ऑफिसात थिंकपॅड आणि घरी दुसरा लॅपटॉप असलेल्याचे कॉपी-पेस्ट रोज चुकायचे. पुढे बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, दोन्हींची अदलाबदल करण्याची सोय आली, पण बटणावर छापलेले नाव तेच राहायचे. २०२४ च्या मॉडेलांपासून लेनोव्होने कंट्रोल कोपऱ्यात आणले. मागणी वर्षानुवर्षांची होती, तरी जुने ग्राहक नाराज झाले, कारण आता त्यांचा हात चुकू लागला. हा वाद मात्र फार पेटला नाही. दोन्ही खरी बटणे आहेत, अदलाबदलीची सोयही आहे.

मराठी टंकलेखन

भारतीय लिपींसाठीचा इनस्क्रिप्ट आराखडा भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपच्या बटणांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतात, त्यामुळे इनस्क्रिप्टने मराठी लिहिणारा पूर्णपणे बोटांच्या सवयीवर अवलंबून असतो. थिंकपॅडवर त्याची लाल टोपी उकार, प आणि व यांच्या मध्ये येते. रचनेतल्या छोट्या फरकाचा त्याला वेगळाच फटका बसतो. ‘डॉक्टर’, ‘ऑफिस’ या शब्दांतली ॉ ही मात्रा एंटरजवळच्या बॅकस्लॅशच्या बटणावर असते. इंग्रजी लिहिणाऱ्याला ते बटण क्वचित लागते, म्हणून छोट्या लॅपटॉपमध्ये जागा कमी पडली की ते बारीक केले जाते, आणि मराठी लिहिताना करंगळी एंटरवर पडून वाक्य मध्येच तुटते. रुपयाचे ₹ हे चिन्ह विंडोजच्या भारतीय इंग्रजी कीबोर्डवर उजवे ऑल्ट आणि ४ यांनी उमटते. उजवीकडची ही खालची ओळ कंपन्यांना सर्वांत कमी महत्त्वाची वाटत आली आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेले कोपायलट या एआय सहायकाचे बटणही तिथेच आले, आणि त्यासाठी मेन्यू किंवा उजवे कंट्रोल गेले.

ट्रॅकपॉइंट नसलेले थिंकपॅड

जानेवारी २०२५ मध्ये लेनोव्होने थिंकपॅड एक्स९ हे १४ व १५ इंची मॉडेल आणले. त्यात ट्रॅकपॉइंट नाही आणि त्याची बटणेही नाहीत. थिंकपॅड कधीच न वापरलेल्या ग्राहकासाठी ते आहे. जुन्यांनी ते नाव या यंत्राला द्यायलाच नको होते असे म्हटले. २०१३ शी तुलना केली तर मात्र हा मार्ग प्रामाणिक वाटतो. तेव्हा टोपी ठेवून तिची बटणे काढली होती आणि ग्राहकाला दुसरा पर्यायही नव्हता. एक्स९ आला तेव्हा टी मालिका आणि एक्स१ कार्बन लाल टोपी व तीन बटणांसह विक्रीला होते.