कान्हेरी : चीवर, पोथ्या आणि द्रम्म

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या डोंगरावर शंभराहून अधिक लेणी आहेत. बरीचशी लहान. पुढे ओसरी, आत खोली, भिंतीलगत दगडातच कोरलेला झोपायचा ओटा आणि बाहेर पाण्याचं टाकं. उतारावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचं पाणी या टाक्यांत यायचं. पावसाळाभर भिक्खूंनी एकाच जागी वर्षावास करायचा, असा नियम होता. त्याच पावसाळ्यात वर्षाच्या पाण्याची तजवीज व्हायची.

राहण्याची सोय डोंगराने केली, पण बाकीचा खर्च? तो सातवाहन काळापासून कल्याण, सोपाऱ्याचे व्यापारी उचलत आले. पद्धत अक्षयनीवीची. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून किंवा शेताच्या उत्पन्नातून भिक्खूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, द्यायचं. हे ‘चीवर’ देणगीलेखांत इतक्या वेळा येतं, की संसार सोडलेल्यांनाही कापडाची चिंता चुकली नव्हती हे उघड दिसतं.

नवव्या शतकात, अजिंठ्याचं काम थांबून काही शतकं लोटल्यावरही, इथे हीच व्यवस्था चालू होती. राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक शिलाहार तेव्हा कोकणावर राज्य करत होते. शिलाहार पुल्लशक्तीच्या काळातला शके 765चा (इ.स. 843) लेख तर जमाखर्चाच्या वहीतलं पान वाटावा : बुद्धाच्या पूजेची रक्कम वेगळी, विहाराच्या डागडुजीला 3 द्रम्म (तेव्हाचं नाणं), वस्त्रांना 5, पुस्तकांना 1. पुस्तकांचा वाटा सगळ्यात कमी असला तरी त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे, म्हणजे पोथ्या जीर्ण होत होत्या आणि नव्या घ्याव्या लागत होत्या. दहा वर्षांनी गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या गोमिन अविघ्नाकराने 100 द्रम्म दिले, ध्यानाच्या जागेसाठी आणि चीवरांसाठी. बंगालमध्ये तेव्हा बौद्धांना आश्रय देणारे पाल राजे होते, तरी हा उपासक इतक्या दूर कोकणात दान देतो. विहाराचं नाव तिकडेही पोचलं असणार.

अविघ्नाकराच्या दानाचा लेख दरबार लेण्यात आहे. तिथे जमिनीवर दोन लांबच लांब दगडी बाक कोरलेले आहेत, वेरूळच्या 5 क्रमांकाच्या लेण्यातल्यासारखे. काहींच्या मते ते जेवणपंगतीचे, काहींच्या मते पाठांतराचे. मला दोन्ही पटतं. भिक्खूंचं जेवण दुपारच्या आत आटोपायचं, मग उरलेला दिवस बाक रिकामे कशाला ठेवतील?

90 क्रमांकाच्या लेण्यात 1009 आणि 1021 सालचे पहलवी (जुन्या इराणी भाषेतले) लेख आहेत. पारशी मंडळी डोंगरावर आली आणि आपली नावं भिंतीवर कोरून गेली. सहलीला जाऊन भिंतीवर नाव टाकायची हौस आपल्याकडे अशी हजार वर्षांची आहे.