इंडिकेटर चारवरच का अडकला?

समजा, दादरच्या फलाटावरच्या इंडिकेटरसाठी कोणी सी भाषेत एक फंक्शन लिहिलं. फलाट क्रमांक द्या, पुढची लोकल यायला किती मिनिटं उरली ते घ्या. आत ते घड्याळ वाचतं. वेग वाढावा म्हणून त्याच्या घोषणेला, म्हणजे कोडमधल्या डिक्लेरेशनला, ‘कॉन्स्ट’ हा ॲट्रिब्यूट (कंपायलरला दिलेली हमी) जोडला. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे सी कोड यंत्रभाषेत उतरवणारा प्रोग्राम, त्यावरून इतकंच समजतो, की हे उत्तर फक्त दिलेल्या इनपुटवर ठरतं. फलाट तोच, म्हणजे उत्तरही तेच. मग लूपमध्ये दर फेरीला विचारायचं कशाला? तो ते फंक्शन लूपबाहेर काढून एकदाच बोलावू शकतो. लोकल येते, जाते, दुसरी लागते, तरी पाटीवर ‘४ मि.’ कायम.

यात कंपायलरला दोष देता येत नाही. फंक्शनचा मजकूर बहुधा वेगळ्या फाइलमध्ये असतो. त्याला दिसते ती घोषणा, आणि तिच्यावर तो न पडताळता विश्वास ठेवतो. असा बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो, कारण डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या आवृत्तीत, ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणारे बदल) सहसा बंद असतं आणि तिथे सगळं बिनचूक चालतं. ‘ओ-२’ ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावली की बिघाड.

‘प्युअर’ हा ॲट्रिब्यूट थोडा सैल आहे: बाहेरची मेमरी वाचायची मुभा, बदलायची नाही. पॉइंटरमागची, म्हणजे मेमरीतल्या दिलेल्या पत्त्यावरची, अक्षरं मोजणाऱ्या फंक्शनला फार तर प्युअर लावावा, कॉन्स्ट कधीच नाही. घड्याळ वाचणाऱ्याला दोन्ही नकोत.

मला सर्वांत घातक वाटतो ‘नॉननल’, म्हणजे पॉइंटर कधीच नल (रिकामा) नसेल ही हमी, कारण तो तुम्ही लिहिलेलाही नसतो. जीलिबसी या सीच्या लायब्ररीच्या हेडरमध्ये (घोषणांच्या फाइलमध्ये) मेमकॉपी, मेममूव्ह या मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनांच्या पॉइंटरांवर तो आधीच बसलेला आहे. शून्य बाइट कॉपी करायला नल पॉइंटर दिला आणि त्यानंतर ‘हा नल आहे का?’ असं तपासलं, तर ती तपासणीच कंपायलर खोडू शकतो. २०१४ साली जीसीसी ४.९ आला, तेव्हा त्यासोबतच्या टिपणांत नेमका हा इशारा होता. ‘नोरिटर्न’, म्हणजे हे फंक्शन परत येणारच नाही अशी हमी, लावलेलं फंक्शन परत आलंच, तर प्रोग्राम शेजारच्या भलत्याच कोडमध्ये घुसू शकतो.

पवई-अंधेरीत एम्बेडेड (उपकरणांच्या आत चालणारा) कोड लिहिणाऱ्या मुलामुलींना माझं आग्रहाचं सांगणं आहे: अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर हे कंपायलरचं तपासणी-साधन चालू ठेवा, तो नॉननलचा भंग चालत्या प्रोग्राममध्ये पकडतो. खोटा कॉन्स्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटतो. त्यासाठी संशयित ॲट्रिब्यूट काढून ‘ओ-२’ वरच पुन्हा चालवा, आणि बिघाड गेला तर त्या फंक्शनचा मजकूर ओळ न् ओळ वाचून काढा.