फोरट्रान आणि कोबोल: वय एक, घर वेगळं

जुन्या संगणक-भाषांचा विषय निघाला की फोरट्रान आणि कोबोल ही नावं जोडीनंच घेतली जातात, आणि पाठोपाठ 'अजून चालतात होय?' हेही येतंच. दिसायला दोघी सारख्याच होत्या: सगळी अक्षरं कॅपिटल, ८० रकान्यांची पंच कार्डं (भोकं पाडून प्रोग्रॅम नोंदवायची पुठ्ठ्याची कार्डं), कुठल्या रकान्यापासून काय लिहायचं याचे कडक नियम. वयही जवळपास एकच. आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटानं फोरट्रान १९५७ मध्ये आणली. कोबोलचं काम १९५९ मध्ये एका समितीनं हाती घेतलं, त्यात संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा मोठा आधार होता. घरं मात्र वेगळी: फोरट्रान शास्त्रीय गणितासाठी, कोबोल हिशेब-कचेरीच्या कामासाठी.

खरा फरक आहे तो आकडे सांभाळण्यात. कोबोलमध्ये रक्कम दशमान पद्धतीनं साठवतात. रुपयांना सात जागा, पैशांना दोन, असं आधीच सांगून ठेवायचं. मग दहा पैसे म्हणजे नेमके दहा पैसे. फोरट्रानचे अपूर्णांक सहसा द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीनं साठवले जातात आणि त्यात ०.१ अचूक मावतच नाही, केसभर इकडेतिकडे होतो. पावसाच्या अंदाजाचं त्यानं काही बिघडत नाही, मोजमापातलीच चूक त्याहून कितीतरी मोठी असते. लाखो खात्यांवर व्याज लावताना मात्र तो केसभर फरक ताळेबंदात उगवतो.

उलट, वातावरणाचे लाखो चौकोन पाडून प्रत्येकातला वारा, तापमान, बाष्प पुन्हापुन्हा काढायचं काम कोबोलला देणं म्हणजे शिक्षाच. मोठमोठ्या ॲरेंचं, म्हणजे आकड्यांच्या लांबलचक तक्त्यांचं, गणित ही फोरट्रानची जातकुळी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतली हवामानाची मॉडेलं आजही प्रामुख्यानं फोरट्रानमध्ये आहेत, ती काही कुणी बदलायला विसरलं म्हणून नव्हे.

फोरट्रानच्या नावावर अवकाशातलं एक पापही उगाच खपवलं जातं. १९६२ मध्ये मरिनर-१ हे शुक्राकडे निघालेलं यान उड्डाणानंतर पाचेक मिनिटांत नष्ट करावं लागलं, ते म्हणे स्वल्पविरामाऐवजी टिंब पडल्यामुळे. खरं तर त्या यानाच्या बाबतीत सूत्र उतरवून घेताना एका चिन्हावरची आडवी रेघ राहून गेली होती. टिंबाची चूक वेगळी, मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अवकाशयान प्रकल्पाच्या कक्षा काढणाऱ्या प्रोग्रॅममधली. 'डू १० आय = १,१०' म्हणजे दहा फेऱ्या. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं, आणि फोरट्रान मोकळ्या जागा मोजत नसल्यानं 'डू१०आय' नावाच्या चलात १.१० जाऊन बसलं. एकही यान न बुडवता ती चूक सापडली.

कोबोलची बदनामी निराळी. एप्रिल २०२० मध्ये बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक दिली, कारण तिथली जुनी यंत्रणा कोबोलमध्ये होती. लगेच सगळे म्हणू लागले, 'फेकून द्या, नव्यानं लिहा.' पण भाषा ही त्यातली सोपी बाजू. इंग्रजी वाक्यांसारखी दिसणारी कोबोल हुशार मुलगा काही महिन्यांत शिकतो. अवघड आहेत ते चाळीस वर्षांत एकावर एक चढलेले नियम: कुठली सवलत कुणाला, कुठल्या तारखेपासून. पुष्कळदा ते फक्त त्या कोडमध्येच लिहिलेले असतात आणि लिहिणारा निवृत्त झालेला असतो. जावासारख्या नव्या भाषेत उतरवले तरी आधी ते कुणीतरी वाचून समजून घ्यावेच लागतात.